मनाचे मोजमाप



उन्हे उतरली की घाटाकडून जरासा वारा सुटतो. अशा वेळी माणसाने ओट्यावर बसून आंबा कापावा, नाही तर उद्या पहाटेची लोकल गाठायची म्हणून लवकर अंग टाकावे. ते सोडून आणि फलकावर ‘संख्याशास्त्र’ हा शब्द वाचूनसुद्धा आपण येथे आलात, याबद्दल मी आपला मनापासून आभारी आहे.

मात्र एक धोका आधीच सांगून ठेवतो. ‘संख्याशास्त्रावरचे व्याख्यान ऐकायला कोणाला आवडते?’ असे मी आता विचारले, तर भिडेखातर का होईना, पुष्कळ हात वर येतील. त्यावरून उद्या मी कोठे लिहिले की कर्जतच्या बहुसंख्य नागरिकांना संख्याशास्त्राची गोडी आहे, तर माझी मोजणी बिनचूक असेल आणि विधान साफ खोटे असेल. ज्यांना ही गोडी नाही ते घरी आहेत, आणि घरी बसलेल्यांचे हात मला येथून दिसत नाहीत. या घरी बसलेल्या मंडळींना आपण विसरू नका. शेवटी मला त्यांच्याकडेच यावयाचे आहे.

मी अनेक वर्षे मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना संख्याशास्त्राचे पहिले धडे देत आलो. हे विद्यार्थी बहुधा गणिताला रामराम ठोकून आलेले असतात. स्वप्ने कशी पडतात, राग का येतो, प्रेम कसे जडते, हे शिकायला म्हणून येतात आणि पहिल्याच महिन्यात त्यांच्यापुढे वर्गमूळ येऊन उभे राहते. ‘सर, आम्ही मन शिकायला आलो, येथे हिशेब कशाला?’ हा प्रश्न मला दर वर्षी ऐकावा लागला आहे. प्रश्न रास्त आहे. आज त्याचेच उत्तर द्यावयाचे आहे.

आपण रोज मनाविषयी बोलतोच. ‘रोज मुंबईला जाणारी माणसे चिडखोर होतात.’ ‘मोबाइल हातात आल्यापासून पोरांचे लक्ष उडाले.’ ‘एकुलती एक मुले हट्टी असतात.’ ही सगळी विधाने वरून साधी दिसतात. पण प्रत्येकाच्या पोटात एक मोजणी दडलेली आहे. किती माणसे? कोणाच्या तुलनेने चिडखोर? चिडखोरपणा मोजला कसा? माणूस माणसासारखा नसतो म्हणून हे प्रश्न उभे राहतात. सारी माणसे सारखी असती तर एकाला पाहून सगळ्यांविषयी बोलता आले असते आणि संख्याशास्त्राची गरजच उरली नसती. हे शास्त्र माणसांना एका साच्यात घालते असा समज आहे. खरे पाहता त्याचा जन्मच माणसांच्या वेगळेपणातून झाला आहे.

पहिला धडा सरासरीचा, ज्याला पाठ्यपुस्तकात मध्यमान म्हणतात. समजा, एका वाडीत पाच घरे आहेत आणि त्यांची महिन्याची कमाई ८, ९, १०, ११ आणि १२ हजार रुपये आहे. मध्यमान १० हजार. आता शेजारी शहरातल्या एका धनिकाने फार्महाउस बांधले. त्याची कमाई महिना साडेपाच लाख. सहा घरांची बेरीज झाली सहा लाख आणि मध्यमान झाले एक लाख! वाडीतल्या पाच घरांत एक पैसाही जास्त आला नाही. पण कागदावर वाडी लखपती झाली. अशा वेळी सर्व घरे चढत्या क्रमाने मांडून मधले घर पाहावे. त्याला मध्यांक म्हणतात. येथे तो साडेदहा हजार येतो आणि वाडीची खरी स्थिती सांगतो. एकच वाडी, दोन आकडे, दोन्ही बरोबर. कोणता आकडा कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे, हे ओळखणे म्हणजेच शिक्षण.

दुसरा धडा विचलनाचा. एका वर्गातल्या पाच मुलांना ४८, ४९, ५०, ५१, ५२ गुण मिळाले. दुसऱ्या वर्गात १०, ३०, ५०, ७०, ९० मिळाले. मध्यमान दोन्हीकडे ५०. पण पहिल्या वर्गाला एकाच रीतीने शिकवून चालेल. दुसऱ्यात तसे शिकवाल तर एक मूल कंटाळेल आणि एक रडेल. हा पसारा मोजण्याचे माप म्हणजे प्रमाण विचलन. मध्यमानापासून प्रत्येकाचे अंतर घ्यावे, त्याचा वर्ग करावा, वर्गांची सरासरी काढावी आणि तिचे वर्गमूळ घ्यावे. पहिल्या वर्गात ते १.४ येते, दुसऱ्यात २८.३. सरासरी सांगून विचलन न सांगणारा अहवाल हा गावाचे नाव सांगून वाट न सांगणाऱ्या माणसासारखा आहे.

आता मोजायचे ते कशाने? भात पायलीने मोजता येते, कापड मीटरने मोजता येते. बुद्धी कशाने मोजावी? फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने याने १९०५ साली यासाठी पहिली उपयुक्त कसोटी तयार केली. शाळेत मागे पडणारी मुले ओळखून त्यांना अधिक मदत द्यावी, हा त्याचा हेतू होता. १९१६ साली अमेरिकेत टर्मन याने तिची सुधारलेली आवृत्ती काढली. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडकडच्या मुलांवर प्रयोग करून ती मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली आणि १९४० साली त्यावरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. बिने-कामत कसोटी म्हणून तिचे नाव मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आजही ठाऊक असते. कामतांनी केलेले काम नुसते भाषांतराचे नव्हे. पॅरिसच्या किंवा कॅलिफोर्नियाच्या मुलाला सोपा जाणारा प्रश्न आपल्या मुलाला कोणत्या वयात सोपा जातो, हे आपल्याच मुलांना विचारून ठरवावे लागते. त्या ठरलेल्या मापाला मानदंड म्हणतात. दुसऱ्याच्या अंगाचा सदरा आपल्या मुलाला घालून ‘मूलच वाकडे आहे’ असे म्हणणे, ही चूक मानदंड न पाहणाऱ्याच्या हातून घडते.

येथे दोन शब्द लक्षात ठेवावेत: विश्वसनीयता आणि यथार्थता. एखादे घड्याळ रोज नेमके दहा मिनिटे पुढे असते. ते विश्वसनीय आहे, कारण रोज तेच वागते. पण त्याने दाखवलेली वेळ यथार्थ नाही. ज्या मुलाने शीतकपाट कधी पाहिलेच नाही, त्याला त्याचे चित्र दाखवून दहा वेळा ‘हे काय?’ विचारा, दहाही वेळा ते गप्प राहील. कसोटी मोठी विश्वसनीय! पण तिने मोजले काय? मुलाची बुद्धी, की त्याच्या घरची गरिबी?

तिसरा धडा योगायोगाचा. विद्यार्थी सर्वांत जास्त भितात ते यालाच. आपण भाताच्या मुलखात राहतो, तेव्हा उदाहरणही भाताचेच घेऊ. समजा एक आजी म्हणतात, ‘हातसडीचा भात आणि गिरणीचा भात मी डोळे मिटून चवीवर ओळखते.’ आपण आठ वाट्या मांडू. चार हातसडीच्या, चार गिरणीच्या. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवू. आजींनी हातसडीच्या चार वाट्या वेगळ्या काढावयाच्या. आता आजींना चव मुळीच कळत नाही, असे क्षणभर गृहीत धरू. याला शून्य परिकल्पना म्हणतात. आठांतून चार वाट्या निवडण्याचे एकंदर ७० प्रकार होतात आणि त्यांतला एकच पूर्ण बरोबर असतो. म्हणजे नुसत्या नशिबाने चारही बरोबर येण्याचा संभव ७० मध्ये १. इतके नशीब सहसा लाभत नाही. तेव्हा आजींना काही कळते असे मानायला आधार मिळाला. पण तीनच बरोबर आल्या तर? तीन किंवा अधिक बरोबर येण्याचे प्रकार १७ आहेत. ७० मध्ये १७ म्हणजे सुमारे शेकडा २४. असे तर नशिबानेही सहज घडते. आजींचा दावा खोटा ठरला असे नव्हे. तो सिद्ध झाला नाही, इतकेच.

हा खेळ मी रचलेला नाही. रोनाल्ड फिशर या इंग्रज शास्त्रज्ञाने १९३५ साली आपल्या पुस्तकात चहाच्या आठ पेल्यांवरून तो सांगितला. चहात दूध आधी घातले की नंतर, हे ओळखण्याचा एका बाईंचा दावा होता. फिशर १९१९ पासून इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड येथील शेतकी संशोधन केंद्रात काम करीत होता आणि तेथल्या शेतांच्या तुकड्यांवर त्याने प्रयोगरचनेचे शास्त्र उभारले. तेच शास्त्र आपल्या कर्जतच्या भात संशोधन केंद्रात चालते. भाताचे दोन वाण तोलायचे तर एक वरच्या खाचरात आणि दुसरे खालच्या खाचरात लावून चालत नाही. खाली पाणी आणि गाळ अधिक, म्हणून खालचे वाण उगाच सरस दिसेल. म्हणून जमिनीचे सारख्या प्रतीचे गट पाडतात, प्रत्येक गटात सगळी वाणे लावतात, आणि कोणते कोठे हे चिठ्ठीने ठरवतात. मानसशास्त्रज्ञ खाचराच्या जागी मुलांचे गट घेतो आणि वाणाच्या जागी शिकवण्याच्या पद्धती, युक्ती तीच. ज्याला भाताचा प्रयोग कळला त्याला मनाचाही कळेल.

या धड्याला एक इशारा जोडलेला आहे. शंभरांत पाचाहून कमी संभव असेल तर निष्कर्ष सार्थ मानावा, असा प्रघात पडला आहे. पण ज्यांना चव मुळीच कळत नाही अशा वीस आजींची, नशिबाने शंभरांत पाच जणी पार पडतील अशी परीक्षा घेतली, तरी त्यांतली सरासरी एक आजी नशिबाने उत्तीर्ण होईल. त्या एकीचेच छायाचित्र छापले आणि एकोणीस जणींना विसरलो, तर शास्त्र बुडाले. हे नुसते कल्पनेतले भय नव्हे. २०१५ साली जगभरच्या अनेक संशोधकांनी मिळून मानसशास्त्रातले १०० प्रसिद्ध प्रयोग पुन्हा करून पाहिले. मूळच्या प्रयोगांपैकी शेकडा ९७ सार्थ ठरले होते; पुन्हा करता शेकडा ३६ च ठरले. ही लाजेची गोष्ट खरी. पण मानसशास्त्रज्ञांनी आपणहून आपली वही तपासली आणि चुका चव्हाट्यावर मांडल्या, ही अभिमानाचीही गोष्ट आहे.

चौथा धडा सहसंबंधाचा. पावशा ओरडू लागला की काही दिवसांत पाऊस येतो. म्हणून कोणी पावशाला पिंजऱ्यात कोंडून पाऊस थांबवू पाहील काय? दोन गोष्टी बरोबर चालतात, म्हणजे एक दुसरीला ओढते असे नाही. ऋतू दोघांनाही ओढत असतो. घरात पुस्तके असलेली मुले हुशार निघतात, म्हणून प्रत्येक घरी पुस्तकांचे कपाट पाठवले तर काय होईल, हे सहसंबंध सांगू शकत नाही. त्यासाठी प्रयोगच करावा लागतो.

याच घराण्यातली आणखी एक फसवी गोष्ट गॅल्टनने १८८६ साली दाखवून दिली. फार उंच आईबापांची मुले उंच असतात, पण सरासरीने आईबापांइतकी नसतात. टोकाची गोष्ट पुढच्या खेपेला मध्याकडे सरकते. आम्ही मास्तर लोक यातून फार चुकीचे शिकलो. मुलाला एखाद्या चाचणीत नेहमीपेक्षा फारच कमी गुण पडले की आम्ही छडी उगारली. पुढच्या चाचणीत ते सुधारले. दुसऱ्याला नेहमीपेक्षा फार जास्त पडले की शाबासकी दिली; पुढच्या चाचणीत ते घसरले. आम्ही ठरवले, छडी चांगली, शाबासकी वाईट! वास्तविक दोघेही आपापल्या नेहमीच्या जागी परतले होते. हा एक धडा वेळीच कळला असता, तर कितीतरी तळहात वाचले असते.

आता शेवटचा धडा, नमुन्याचा. आणि येथे मला माझीच चूक सांगावयाची आहे.

पूर्वी गावचे पीक नजरेने ठरे. अंमलदार बांधावर उभा राहून सांगे, पीक आठ आणे की बारा आणे. ती आणेवारी, पुढे तिची पैसेवारी झाली. पीक ५० पैशांच्या वर की खाली, यावर शेतकऱ्याच्या सवलती ठरत. म्हणून त्या नजरेला फार मोल होते. १९४० च्या दशकात सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे डॉ. पां. वा. सुखात्मे आणि त्यांचे सहकारी डॉ. वि. गो. पानसे यांनी नजरेऐवजी चिठ्ठीने शेत निवडावे, त्यात ठरीव मापाचा तुकडा आखावा, तो कापून, झोडून, तोलून पाहावा, ही पद्धत देशात रुजवली. त्या दोघांचे शेतकी संशोधकांसाठीचे संख्याशास्त्राचे पुस्तक १९५४ साली निघाले आणि त्यावर पिढ्या शिकल्या.

सुखात्म्यांना एक मौजेची गोष्ट आढळली. कापणीचा तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न खऱ्याहून जास्त दिसते. का? चौकटीच्या कडेवर एखादा चूड आला की कापणाऱ्याचा हात त्याला आत ओढतो. लबाडी नव्हे, भरल्या लोंबीला बाहेर टाकवत नाही, हा मनुष्यस्वभाव. तुकडा जितका लहान, तितका कडेचा वाटा मोठा आणि चूकही मोठी. पाहा, शेतीच्या आकड्यातसुद्धा मोजणाऱ्याचे मन उतरले!

माझी चूक याच्या उलट होती. मी कडेवरचे बाहेर टाकले. तरुणपणी मी कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या शाळांतून मुलांच्या स्मरणशक्तीच्या आणि अवधानाच्या चाचण्या घेत हिंडलो. दिवस माघाचे होते. हवा छान, रस्ते कोरडे. वर्गात जी मुले बसलेली होती त्यांना कागद दिले, गुण मोजले, मध्यमान काढले, विचलन काढले. आकडे चांगले आले. मी मोठ्या आनंदाने लिहिले की या भागातली मुले शहरातल्या मुलांहून मागे नाहीत, त्यांना वेगळ्या मदतीची गरज दिसत नाही. हिशेबात एकही चूक नव्हती.

तो कागद घेऊन पावसाच्या तोंडावर मी डोंगराच्या पायथ्याच्या एका शाळेत गेलो. तेथल्या गुरुजींनी तो शांतपणे वाचला, कपाटातून हजेरीपट काढला आणि माझ्यापुढे ठेवला. म्हणाले, ‘आकडे छान आहेत तुमचे. पण सर, यांत आमची भट्टीवरची पोरे कुठे आहेत?’

मी हजेरीपट पाहिला. दिवाळीनंतर एकेका नावापुढे गैरहजेरी सुरू झाली होती आणि ती उन्हाळ्यापर्यंत गेली होती. ती कातकरी मुले होती. दिवाळी झाली की त्यांचे आईबाप वीटभट्ट्यांवर नाही तर कोळसा पाडायला जातात आणि मुलांना मागे ठेवायला घर उरत नाही. मी माघात आलो, तेव्हा ती बाकावर नव्हती. म्हणून माझ्या सरासरीतही नव्हती. ज्यांना मदतीची सर्वांत जास्त गरज, नेमक्या त्यांनाच वगळून मी ‘मदतीची गरज नाही’ असे लिहिले होते.

हिशेबाने सांगतो. समजा पटावर ६० मुले, त्यांतली ४० हजर आणि त्यांचे मध्यमान ५२. नसलेल्या २० मुलांचे ३४ असते, तर सबंध शाळेचे मध्यमान ४६ येते. कागदावर मात्र ५२ च राहते. कोणी म्हणेल, मुले वाढवा; ४० च्या जागी ४०० तपासा. उपयोग नाही. तीही हजर मुलेच असतील. १९३६ साली अमेरिकेतल्या एका साप्ताहिकाने निवडणुकीआधी वीस लाखांवर लोकांची मते गोळा केली आणि तरीही रूझवेल्ट हरणार असे छापले. रूझवेल्ट प्रचंड मतांनी निवडून आले. टेलिफोनच्या आणि मोटारींच्या याद्यांतून नावे काढलेली, त्यांतही उत्तर पाठवणारे तेवढेच मोजलेले. नमुना मोठा असून भागत नाही. त्यात शिरण्याची संधी प्रत्येकाला मिळाली पाहिजे.

मग शिकावे कसे? संगणक आज क्षणात सारे गणित करून देतो आणि त्यासाठी फुकट मिळणाऱ्या प्रणालीही चांगल्या आहेत. त्या जरूर वापराव्यात. पण माझा अनुभव असा की प्रत्येक सूत्र पाच-सहा आकडे घेऊन एकदा तरी हाताने सोडवावे. मग त्याची भीती जाते. गणिताआधी आकडे कागदावर ठिपक्यांनी मांडून नुसते पाहावेत. प्रश्न आधी लिहावा, माहिती नंतर गोळा करावी. माहिती पाहून प्रश्न बेतू नये. आणि सगळ्यांत शेवटी, खरे म्हणजे सगळ्यांत आधी, हजेरीपट मागावा.

‘मन शिकायला आलो, येथे हिशेब कशाला?’ या प्रश्नाला मी आता त्या गुरुजींचेच उत्तर देतो. हिशेब यासाठी, की समोर बसलेल्या माणसाचे मन आपल्याला डोळ्यांनी दिसते; जो समोर नाही त्याची आठवण मात्र हिशेबानेच ठेवावी लागते. आज येथून घरी गेल्यावर जे आले नाहीत त्यांना, ते का आले नाहीत, हे जरूर विचारा. ते सांगतील ते माझ्या या व्याख्यानाच्या जमाखर्चात धरले पाहिजे, आणि त्यात काही माझ्या नावे खर्ची पडले तर तेही मी आनंदाने मांडून घेईन.